गोबरगॅसची शेगडी तपासा

'गॅस पुरत नाही,' ही गोबरगॅसवर स्वयंपाक करणाऱ्या घरांची जुनी तक्रार. मग शेण कमी पडलं, थंडी वाढली, संयंत्रच बिघडलं, असे तर्क सुरू होतात. स्वयंपाकघरातल्या शेगडीवर संशय क्वचितच जातो.

थोडा हिशेब करून पाहू. दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं. बायोगॅस शेगडीची कार्यक्षमता किमान ५५ टक्के असावी, असं भारतीय मानक सांगतं. तीच शेगडी ४० टक्क्यांवर उतरली, तर तेवढ्याच स्वयंपाकाला पावणेतीन घनमीटर गॅस लागेल. म्हणजे आणखी जवळपास दोन जनावरांचं रोजचं शेण नुसतं वाया!

सिलिंडरची शेगडी तशीच जोडून भागत नाही. बायोगॅसमध्ये साधारण ६० टक्के मिथेन असतो. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, जो जळतच नाही. त्यामुळे तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीच्या मानाने उष्णता चौथा-पाचवा हिस्सा मिळते, आणि दाबही बराच कमी असतो. म्हणून जेटचं भोक मोठं लागतं. पण अंदाजाने ड्रिल फिरवणं घातक. भोक गरजेपेक्षा मोठं झालं की गॅसचा झोत मंदावतो, पुरेशी हवा ओढली जात नाही, ज्योत पिवळी पडते आणि भांडी काळी होतात. शिवाय बायोगॅसची ज्योत मंद गतीने पसरते. बर्नरची भोकं थोडी नि गॅसचा वेग जास्त असेल, तर ती बर्नरवरून उचलली जाते आणि विझते. बायोगॅससाठीच बनवलेली शेगडी घ्यावी, हे त्यामुळेच.

हवेची झडप मात्र घरीच जुळवता येते. आधी ती बंद ठेवून ज्योत पेटवायची, मग पिवळं टोक जाईपर्यंत हळूहळू उघडायची. ज्योत फुरफुरत वर उचलली गेली, तर किंचित मिटायची.

ज्योत नाचत असेल तर नळीत पाणी साचलेलं असतं. गॅसमधली वाफ थंड होऊन सखल भागात उतरते. तिथला पाणी काढायचा नळ अधूनमधून उघडायलाच हवा. गॅसमधल्या हायड्रोजन सल्फाइडने बर्नर गंजतो, भोकं बुजतात; ती ब्रशने साफ करावीत.

फरक पाहायला उपकरण लागत नाही. सफाईआधी आणि नंतर, त्याच पातेल्यात, झाकण ठेवून लिटरभर पाणी उकळायचं आणि घड्याळ पाहायचं.