आधी रीबूट करून बघ, बॉस!

लिनक्स म्हणजे नेमकं काय, हे भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या दिघोरीत मला कधी समजावता आलं नाही. बाबांचा प्रश्न एकच : ‘‘धान विकून फी भरतो, नोकरी लागते ना पण?’’

नागपूरच्या एका क्लासमध्ये तीन महिने कमांड्स घोकल्या, वही भरली आणि रेड हॅटच्या ‘आरएचसीएसए’ परीक्षेला बसलो. आणि उडालोच! पर्यायांवर टिक करायची भानगडच नाही. समोर चालू मशिन, इंटरनेट बंद, ३००पैकी २१० गुण हवेत. खरी गोम पुढेच. केलेलं काम मशिन रीबूट झाल्यावरही टिकायला हवं. मी सर्व्हिस ‘स्टार्ट’ केली, ‘इनेबल’ करायची राहिली. रीबूट झालं, सर्व्हिस बंद. नापास!

गावी परतलो. जुन्या कॉम्प्युटरवर फुकटातलं रॉकी लिनक्स टाकलं. रोज काहीतरी मुद्दाम बिघडवायचं आणि दुरुस्त करायचं. एकदा ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये एकच अक्षर चुकलं, मशिन धड सुरूच होईना. त्या एका रात्रीत जे शिकलो, ते वहीत नव्हतं. दुसऱ्या खेपेला पास!

तेव्हा मंडळी, क्लास जरूर लावा. पण आधी विचारा, प्रत्येकाला वेगळं मशिन मिळतं का? ते बिघडवू देता का?

परवा बाबांना फोनवर सांगितलं, सर्व्हर बंद पडला की रात्री दोनला उठवतात.

‘‘म्हणजे पाण्याची पाळी आली की आम्ही उठतो, तसंच ना?’’

अगदी तसंच, बाबा.