मुलासाठी किडनी स्वीकारायची का? निर्णयाआधी घरात काय बोलावं

मुलाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात आधी दोन प्रश्न येतात. खर्च किती? आणि हे जायज आहे का? दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण उत्तरं शोधण्यात महिने निघून जातात, आणि वाढत्या वयाच्या मुलाला तेवढा उशीर परवडत नाही. जालना जिल्ह्यातल्या कुटुंबांना हा निर्णय वेळेवर घेता यावा, म्हणून आम्ही हा विषय इथे समजावून सांगत आहोत.

डायलिसिसवर भागेल का?

डायलिसिस रक्त साफ करतं, पण किडनीची सगळी कामं करत नाही. रक्त तयार होणं आणि हाडांची वाढ यातही किडनीचा वाटा असतो. म्हणून वर्षानुवर्षं डायलिसिसवर राहिलेल्या मुलांची उंची खुंटते, अशक्तपणा जात नाही. मशीनवर साधारण आठवड्यातून तीन वेळा, दरवेळी चार तास जातात. मंठा किंवा भोकरदनहून जालन्याला ये-जा करणाऱ्या मुलाची शाळा जवळजवळ सुटतेच. त्यामुळे बहुतेक मुलांसाठी प्रत्यारोपण हा जास्त चांगला उपाय मानला जातो, शक्य झालं तर डायलिसिस सुरू होण्याआधीच.

मात्र नवी किडनी आयुष्यभर पुरेलच असं नाही. जिवंत दात्याची किडनी अनेकदा पंधरा-वीस वर्षं चालते, कधी त्याहून कमी, कधी जास्त. म्हणजे आज दहा वर्षांच्या मुलाला पुढे पुन्हा किडनी लागू शकते. हे आधीच माहीत असलेलं बरं.

किडनी कोणाची?

1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार आई, वडील, भाऊ, बहीण हे जवळचे नातेवाईक. 2011 च्या दुरुस्तीने त्यात आजी-आजोबाही आले. भावंड अल्पवयीन असेल तर सहसा त्याची किडनी घेता येत नाही. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांनी आपसात दाते बदलण्याची सोयही कायद्यात आहे. मोठ्या माणसाची किडनी साधारण दहा किलोच्या पुढच्या मुलाला बसवता येते.

घरात दाता मिळाला नाही तर रुग्णालयामार्फत मेंदूमृत दात्याच्या प्रतीक्षा यादीत नाव नोंदवता येतं. मराठवाड्याचं समन्वय केंद्र छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) इथे आहे. कोणी दलाल 'पैसे द्या, किडनी मिळवून देतो' म्हणाला तर लांब राहा. या व्यवहाराला 5 ते 10 वर्षांची कैद आणि 20 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड आहे.

शरियत काय म्हणते?

जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1988 मध्ये अटींसह प्रत्यारोपणाला परवानगी दिली. दात्याच्या जिवाला धोका नको, खरेदी-विक्री नको, संमती हवी. भारतातल्या इस्लामी फिक्ह अकादमीनेही 1989 मध्ये, दुसरा इलाज नसेल तर नातेवाइकाने मोबदला न घेता एक किडनी देणं जायज ठरवलं. काही उलेमांचं मत वेगळं आहे, मृत्यूनंतरच्या दानावर तर मतभेद जास्त आहेत. म्हणून मुफ्तीसाहेबांना विचारायला जाताना डॉक्टरांचा रिपोर्ट सोबत न्या. मुलाची नेमकी हालत कळली तर नेमकं उत्तर मिळतं.

अम्मीचा होकार

आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बायकांची संख्या खूप जास्त आहे. मुलाचा प्रश्न आला की सगळ्यांच्या नजरा अम्मीकडे वळतात. ती देईलही, आनंदाने देईल. पण अब्बू, चाचा, मामू यांचीही तपासणी का होऊ नये? एका किडनीवर निरोगी माणूस नीट जगतो, तरी ऑपरेशन आहे, विश्रांती लागते. दात्याला डॉक्टरांशी एकांतात बोलू द्या. 'नाही' म्हणायची मोकळीक असेल, तरच 'हो' खरा.

पैसा आणि गोळ्या

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा 2023 मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्यात आली. पण खरा खर्च ऑपरेशननंतर सुरू होतो. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज, ठरल्या वेळी गोळ्या घ्याव्या लागतात, किडनी चालू आहे तोवर. रक्ततपासण्याही होत राहतात. नातेवाईक आणि मोहल्ल्यातले लोक ऑपरेशनच्या वेळी धावून येतात. दोन वर्षांनी गोळ्यांच्या पैशांची आठवण कोणाला राहते? जकातीच्या हकदार कुटुंबाला दरमहा औषधांसाठी मदत मिळाली तर ती किडनी टिकवणारी मदत ठरेल.

पंधरा-सोळाव्या वर्षी मुलं गोळ्या चुकवतात, आणि चांगली चाललेली किडनी त्यामुळे जाऊ शकते. म्हणून समज आलेल्या मुलाला आजच निर्णयात घ्या. त्याला काय होणार आहे ते सांगा, त्याची भीती ऐकून घ्या. राहिलेल्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा, कारण काही लसी प्रत्यारोपणानंतर देता येत नाहीत.

घरात बसून तीन गोष्टी ठरवा: तपासणीला कोण कोण जाणार, पहिल्या वर्षाच्या औषधांचे पैसे कुठून येणार, आणि रोजची गोळी कोण देणार. या तिन्हींची उत्तरं मिळाली की 'हो' म्हणायला घाबरायचं कारण नाही. मिळत नसतील तर पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर हेच प्रश्न मांडा, पण ती भेट पुढे ढकलू नका.