मिरचीच्या पथारीवरून विषशास्त्राकडे

नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येते आणि व्यापाऱ्यांच्या पथारींवर वाळते. वाळताना पाणी उडून जाते, फवारलेल्या औषधाचा अंश मात्र बराचसा मागे राहतो. त्यामुळे किलोमागे त्याचे प्रमाण वाढते. हा वाढलेला अंश खाणाऱ्याला किती घातक, हे ठरवणे म्हणजेच रासायनिक जोखीम मूल्यमापन.

त्याची रीत अशी: प्राण्यांवरील चाचण्यांत ज्या मात्रेपर्यंत अपाय दिसला नाही, तिला साधारणपणे 100 ने भागतात. प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी 10, माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी 10. ही झाली रोजची सुरक्षित मर्यादा. मग माणूस प्रत्यक्षात किती खातो, याच्याशी तिची तुलना.

फवारणी करणाऱ्याचा हिशेब वेगळा, कारण विष त्याच्या कातडीतून आणि श्वासातून जाते. 2017 मध्ये यवतमाळात शेतकरी-शेतमजूर दगावले, ते फवारणीच्या विषबाधेने. डब्यावरचा लाल त्रिकोण अतिविषारी, पिवळा त्याखालोखाल; विषारीपणाची ही प्रतवारी प्रत्येक फवारणाऱ्याला ठाऊक हवीच.

हे विषशास्त्र शिकायचे कुठे? रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रातली पदवी हा चांगला पाया. नंदुरबार जिल्हा ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो, त्या जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात (स्थापना 1990) पर्यावरणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पुढील संशोधनासाठी लखनौची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था (1965) आणि अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे.