साखर यीस्टची, वास बिअरचा

घरी केलेल्या बिअरमध्ये आंब्याचा गर घातला की बिअर गोड होईल, असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. फळातली साखर म्हणजे मुख्यतः ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज, आणि या तिन्ही यीस्टला सहज पचतात. बार्लीच्या मॉल्टमधली काही साखर यीस्टला पचत नाही, ती मागे राहते आणि बिअरला दाटपणा देते. फळातली साखर मात्र यीस्ट जवळजवळ सगळी फस्त करते. तिचे अल्कोहोल होते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे राहतो तो फळाचा आंबटपणा, तुरटपणा, रंग आणि वास. या गोष्टी ज्या फळात ठसठशीत आहेत, तेच बिअरमध्ये ओळखू येते.

बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या आसपास ही निवड फार पूर्वीच झाली. तिथल्या 'क्रीक' या बिअरचे नाव मुळात एका फळाचे आहे. फ्लेमिश बोलीत क्रीक म्हणजे आंबट चेरी. हवेतल्या यीस्टवर आणि जिवाणूंवर आंबवलेल्या लांबिक बिअरमध्ये लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम चेरी बियांसकट घालतात आणि काही महिने मुरू देतात. बियांमधून बदामासारखा हलका वास उतरतो. रासबेरीही अशीच पक्की, तिचे लिटरला १०० ग्रॅमही पुरतात. स्ट्रॉबेरी मात्र फसवी. ताजी असताना घर घमघमते, बिअरमध्ये तिचा रंग फिका पडतो आणि वास विरून जातो. पीच आणि आंबाही तसे मवाळच, त्यामुळे ते दुपटीने घालावे लागतात.

आंब्याचा हिशेब सोपा आहे. गरात साधारण १४ टक्के साखर असते. २० लिटर बिअरमध्ये ३ किलो गर घातला, तर ४२० ग्रॅम साखर आत जाते. पण गरासोबत पाणीही येते, त्यामुळे मुळात ५ टक्के अल्कोहोल असलेली बिअर फार तर साडेपाच टक्क्यांच्या आसपास पोचते. फळ घातल्याने बिअर जहाल होते, ही समजूत बहुतेक वेळा खोटी ठरते.

फळ कधी घालायचे, हा खरा प्रश्न. मॉल्टच्या उकळत्या काढ्यात घातले तर ते निर्जंतुक होते, पण त्याला शिजल्याचा, जॅमसारखा वास येतो. शिवाय पेरूची जेली ज्यामुळे घट्ट होते ते पेक्टिन उष्णतेने सुटते आणि बिअर गढूळ राहते. पहिले जोमदार किण्वन चालू असताना घातले, तर बाहेर पडणारा वायू फळाचा नाजूक वासही सोबत घेऊन जातो. म्हणून बहुतेक जण पहिला जोर ओसरेपर्यंत, म्हणजे पाच-सात दिवस, थांबतात. तोवर बिअरमध्ये अल्कोहोल आणि आम्लता तयार झालेली असते, हॉप्स ही कडू फुलेही असतात, आणि फळावरून आलेल्या बऱ्याचशा जंतूंना तिथे तग धरता येत नाही.

फळ आधी गोठवून ठेवण्याची युक्ती याच टप्प्यावर कामी येते. फ्रीजरमधून काढलेली स्ट्रॉबेरी थोड्या वेळात लिबलिबीत होऊन स्वतःच्याच रसात बसते, कारण बर्फाच्या सुयांनी तिच्या पेशी फाडलेल्या असतात. अशा फळाचा रस बिअरमध्ये चटकन उतरतो. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. ते मारायचे तर गर ७० अंश सेल्सियसला पंधरा मिनिटे धरावा लागतो. डबाबंद गर आधीच निर्जंतुक असल्याने ही कटकट नसते. अमेरिकेतल्या भारतीय किराणा दुकानांत ८५० ग्रॅमच्या डब्यात मिळणारा हापूसचा किंवा केसरचा गर तिथल्या घरगुती बिअरवाल्यांच्याही उपयोगाचा आहे. लेबल मात्र वाचावे. बऱ्याच डब्यांत साखर घातलेली असते, आणि टिकवण्यासाठी सोडियम बेंझोएट असेल तर यीस्ट अडखळते.

फळ पडले की निवलेले किण्वन पुन्हा उसळते. गर तरंगून वर साय धरतो, त्याचे धागे वायू बाहेर सोडणाऱ्या एअरलॉकच्या बारीक नळीत अडकतात, आत दाब साचतो आणि झाकण उडून आंबा छताला लागतो. त्यामुळे पिंपाचा वरचा चौथा भाग रिकामा ठेवतात आणि एअरलॉकऐवजी जाड नळी पाण्याच्या बादलीत सोडतात.

याहून मोठा धोका बाटलीत असतो. बिअरला फेस यावा म्हणून बाटलीत भरताना लिटरला सहा-सात ग्रॅम साखर मुद्दाम घालतात. वरच्या हिशेबातल्या आंब्याची साखर लिटरला १८-१९ ग्रॅम पडते. ती पूर्ण आंबण्याआधीच बाटल्या भरल्या तर काच फुटते. घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवरचा आकडा सलग तीन दिवस हलला नाही, की मगच भरायचे.

काही फळांचे स्वभाव वेगळे. संत्र्या-लिंबाची फक्त रंगीत साल किसून घेतात, आतली पांढरी साल कडवट असते. अननसातले ब्रोमेलेन प्रथिने तोडते आणि बिअरचा फेस त्या प्रथिनांवरच उभा असल्याने तो लवकर बसतो. पपईच्या चिकातले पेपेनही हेच करते. थंड बिअर गढुळू नये म्हणून कारखान्यांनी त्याचा उपयोगही करून घेतला आहे.

हा छंद अमेरिकेत उघडपणे चालतो तो १९७८ च्या कायद्यामुळे. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, बिअर करता येते, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणे गुन्हा आहे, मग ते घरच्या स्वयंपाकघरात का असेना.

ज्यांना फळासोबत गोडवाही हवाच असतो, ते लॅक्टोज घालतात, कारण दुधातली ही साखर बिअरच्या यीस्टला पचत नाही. बर्लिनकरांनी याहून सोपी वाट काढली आहे. तिथली आंबट, हलकी 'बर्लिनर वाइसं' ग्लासात ओतल्यावर त्यात रासबेरीच्या सरबताची धार सोडतात, आणि यीस्टला ती साखर आंबवायला वेळच मिळत नाही.