टाकी आली, तपासणी मागे राहिली

मुंबईत स्वयंपाकाचा गॅस पन्नाशीच्या दशकात आला. सुरत-धुळे महामार्गावरच्या विसरवाडीला तो बऱ्याच उशिरा पोहोचला आणि आसपासच्या पाड्यांवर गेला तो मुख्यतः उज्ज्वला योजनेतून. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या या योजनेत टाकी, रेग्युलेटर आणि नळी अनामत न भरता मिळू लागली. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात शेगडी आणि पहिली भरलेली टाकीही मोफत झाली. कनेक्शन किती वाटली, याचा हिशेब दरवर्षी होतो. त्या घरांतली नळी शेवटची कधी पाहिली, याचा हिशेब मात्र कुणी मागत नाही.

चुलीचा धोका डोळ्यांना दिसायचा. गॅसचा दिसत नाही. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, त्यामुळे गळला की जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले तरी एक ठिणगी पुरते. म्हणूनच टाकी उभी आणि शेगडी तिच्यापेक्षा उंचावर, असा नियम आहे. पण जिथे पिढ्यान् पिढ्या खाली बसून भाकरी थापली गेली, तिथे शेगडीही सहज टाकीशेजारी जमिनीवर मांडली जाते. कुडाच्या भिंतीला निदान फटी असायच्या. घरकुलाच्या पक्क्या खोलीत दार-खिडकी लावून घेतली की गळलेला गॅस आतच कोंडतो.

मुळात या गॅसला वास नसतो. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाचा नैसर्गिक गॅस साचून स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जीव गेले, त्यांत बहुतेक मुले होती. गॅसमध्ये उग्र वास मिसळण्याची सक्ती त्यानंतर आली. आपल्या टाकीतला तो कुजकट वास इथाइल मरकॅप्टनचा.

वास आला की आधी रेग्युलेटर बंद करायचा, दार-खिडक्या उघडायच्या आणि विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. मग १९०६ ला फोन. एरवीची तपासणीही सोपी आहे. साबणाचा दाट फेस नळीच्या दोन्ही टोकांना, रेग्युलेटरच्या सांध्याला लावायचा. बुडबुडे फुगले तर गळती. काडी ओढून गळती शोधायची खोड मात्र जिवावर बेतू शकते. टाकी घरी देताना व्हॉल्व्ह आणि आतला वायसर तपासून देणे हे पोहोचवणाऱ्याचे काम. पण टाकी मोटारसायकलला बांधून स्वतःच पाड्यावर न्यावी लागली, तर ही पायरी गळून पडते.

राहिली नळी. तारेची जाळी असलेली केशरी नळीही पाच वर्षांनी बदलायची असते. म्हणजे २०१६ साली मिळालेल्या नळीची मुदत २०२१ मध्येच संपली. इथे हिशेब फसतो. परवडत नाही म्हणून वर्षाला दोन-तीनच टाक्या घेणाऱ्या घराला नळी नवीच वाटते. पण टाक्या कितीही कमी लागोत, रबर वर्षांनीच जुने होते. तेल कंपन्यांनी मध्यंतरी मोफत तपासणी आणि सवलतीत नळी अशी मोहीम काढली, हे चांगलेच झाले. आता ती बचतगटांच्या बैठकीत, मावची-भिलीत समजावून, दरवर्षी व्हायला हवी. छापील पुस्तिकेवर भागणार नाही.