मंडई : ज्यांनी विरोध केला, त्यांच्याच नावाची



पुण्याला आपली माणसे वरचेवर जातात. कुणी कोर्टाच्या तारखेला, कुणी दवाखान्याला, तर कुणी साखर संकुलात. काम उरकले की स्वारगेट गाठायचे आणि एस.टी. धरायची, हा आपला शिरस्ता. पण त्याच वाटेवर शुक्रवार पेठेत महात्मा फुले मंडई उभी आहे. ऊस पिकवणाऱ्या माणसाने ती एकदा सवडीने पाहावी. उसात कोबी, फ्लॉवर, कोथिंबिरीचे आंतरपीक घेणाऱ्याने तर पाहावीच.

आधी इमारतीविषयी. मधोमध अष्टकोनी दगडी मनोरा आणि त्याच्यापासून चारी अंगांना फुटलेल्या आठ लांब पाख्या, असा तिचा घाट आहे. छप्पर उंच, त्यामुळे भर उन्हातही आत गारवा असतो. आराखडा डुकाट नावाच्या इंग्रज लष्करी इंजिनिअरचा, पण बांधकाम आपल्या वासुदेव बापूजी कानिटकरांचे. 1886 साली मंडई सुरू झाली. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे, म्हणून नाव पडले रे मार्केट. नगरपालिकेची कचेरी बरीच वर्षे याच इमारतीत वरच्या बाजूला होती. म्हणजे खाली भाजीचा भाव ठरायचा आणि वर शहराचा कारभार!

त्याआधी पुण्याची भाजी कुठे विकली जायची? शनिवारवाड्याच्या पटांगणात, उघड्यावर. जिथे पेशव्यांचे घोडे थांबले, तिथे पाट्या मांडून माळणी बसायच्या. पावसाने चिखल व्हायचा, उन्हाने माल कोमेजायचा. तेव्हा छपराखाली बाजार न्यावा असे नगरपालिकेच्या मनात आले. वरवर पाहता यात वाईट काय?

इथेच खरी गोष्ट आहे. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्यांनी मंडईच्या या मोठ्या खर्चाला विरोध केला. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे. हे कुणा परक्याचे बोलणे नव्हते. फुल्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यावरून पुढे ते फुले झाले. वडील गोविंदरावांचा फुला-भाजीचाच व्यवसाय. पाटी डोक्यावर घेऊन बाजारात येणाऱ्याचे काय होते, हे त्या घरात पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

1883 साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात शहरात गाडीभर माळवे आणणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब आहे. जकात नगरपालिकेने घेतली, उरलेले वजनमापात हातचलाखी करणाऱ्या दलालांनी खाल्ले, गाडीभाडे अंगावर आले आणि गडी रिकाम्या हाताने पोराबाळांपुढे जाऊन उभा राहिला. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली या लिहिण्याला. आपल्यापैकी टोमॅटोची पट्टी हातात घेऊन खिशातून टेम्पोचे भाडे भरलेला माणूस हे वाचून काय म्हणेल, ते सांगायला नको.

आणि नशिबाची गंमत पाहा. आचार्य अत्रे 1938 च्या सुमारास नगरपालिकेत होते. त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नाव बदलले आणि मंडईला नाव दिले गेले ते फुल्यांचेच. काहींना यात विसंगती दिसते. आम्हांला वाटते, नाव योग्य ठिकाणी गेले. विरोध भाजीविक्याला नव्हता, त्याच्या जिवावर होणाऱ्या थाटाला होता.

आता आत चला. मंडई कुणा एका जातीची नाही, हे पहिल्या फेरीतच कळते. माळी आहेत, बागवान आहेत, काची आहेत, पानवाले तांबोळी आहेत. पिढ्यान् पिढ्या एकाच ओट्यावर बसलेली घराणी आहेत. बाहेर पडलात की एका अंगाला तुळशीबागेतले राममंदिर, दुसरीकडे लोखंडी सामानाची बोहरी आळी, पुढे टोपल्या-सुपांची बुरूड आळी. मंडईच्या मंडळाचा शारदा-गणपती 1894 पासूनचा. टिळकांचा पुतळा 1924 सालचा, त्याचे अनावरण मोतीलाल नेहरूंनी केले. त्याच्या आसपास जमणाऱ्या गप्पांच्या अड्ड्याला पुणेकर कौतुकाने 'मंडई विद्यापीठ' म्हणतात. तिथे फी नाही, पण वादात हरायची तयारी हवी.

असा बाजार फक्त आपल्याकडेच असतो असे नाही. इटलीत तुरीन शहरात पोर्ता पालाझ्झो नावाचा उघड्यावरचा मोठा बाजार भरतो. योगायोग असा की तो चौकसुद्धा अष्टकोनी. आधी तिथे इटलीच्या दक्षिणेकडून मोटार कारखान्यात कामाला आलेली माणसे मिसळली, मागून मोरोक्को, रुमानिया, चीनची. पण आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. त्या बाजारात आसपासच्या शेतकऱ्यांना स्वतःचा माल स्वतः विकायला वेगळी जागा राखलेली आहे. मधे कुणी नाही.

आपल्याकडे घाऊक व्यापार मंडईतून उठून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, मंडईत किरकोळ विक्री राहिली. त्यामुळे आपला कोबी पहाटे गुलटेकडीला एका भावाने जातो आणि दुपारी मंडईत दुसऱ्याच भावाने दिसतो. हा फरक पाहून डोके फिरते खरे. मात्र सगळाच फरक लुटीचा असतो असे आम्ही म्हणणार नाही. फ्लॉवरची पाने काढावी लागतात, कोथिंबिरीची जुडी उन्हात दोन तासांत मान टाकते, संध्याकाळी उरलेले फेकून द्यावे लागते. ओट्यावर दिवसभर बसणाऱ्या मावशींनाही पोट आहे. चिंता आहे ती अलीकडच्या टप्प्याची, पहाटेच्या काट्याची.

काही सुधारणा झाल्या आहेत. पुण्यातली जकात 2013 साली गेली. 2016 साली राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले. तेव्हा पट्टी हातात आली की घडी करून खिशात टाकू नका. वजन, हमाली, तोलाई नीट वाचा आणि आडत कापलेली दिसली तर तिथेच विचारा.

उसाचे तसे नाही. एफ.आर.पी. आधी जाहीर होते, चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे, आणि वजनाबद्दल शंका आली तर आपल्याच कारखान्यात आपण बोट दाखवू शकतो. भाजीला असे काहीच नाही. तरी आंतरपीक सोडू नये. आडसालीच्या दोन सरींमधली जागा पहिले तीन-चार महिने मोकळीच असते, तेवढ्यात कोबी निघून जातो. मात्र सगळ्या शिवाराने एकदम कोबीच लावला, तर भाव कुठून येणार? गटातल्या चौघांनी बसून कुणी काय लावायचे आणि गाडी कुणाची न्यायची हे ठरवावे. पुण्यात शेतकरी आठवडे बाजार भरतात, तिथेही गटाने जाता येते.

जाण्याची सोय आता सोपी आहे. 29 सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो धावते. स्वारगेटहून पहिलेच स्टेशन मंडई. सकाळी लवकर जा, तेव्हा माल ताजा असतो. घरच्या मंडळींना बरोबर नेणार असाल तर तुळशीबाग शेजारीच आहे, हे आधीच सांगून ठेवतो. परतीची एस.टी. त्या हिशेबाने धरा.