पदवीनंतर वकिली: झिरकपूरमधल्या मराठी घरांसाठी

झिरकपूर चंदीगडला खेटून आहे, पण जिल्हा मोहाली आणि राज्य पंजाब. नोकरीनिमित्त इथे आलेल्या मराठी घरांत कुणी एलएल.बी.चं नाव काढलं की लगेच ऐकावं लागतं, ‘तू बी.एस्सी., तुझं तिथे काय काम?’

तीन वर्षांच्या एलएल.बी.ला कोणत्याही शाखेची पदवी चालते. बार कौन्सिलची अट आहे ती गुणांची: खुल्या गटाला 45 टक्के, ओबीसींना 42, अनुसूचित जाती-जमातींना 40. बारावीनंतर पाच वर्षं शिकलेल्याची आणि पदवीनंतर तीन वर्षं शिकलेल्याची सनद एकच. टिळकांनी गणित घेऊन बी.ए. केलं, मग 1879मध्ये एलएल.बी. सूर्य कांत हिस्सारच्या कॉलेजातून 1981मध्ये पदवीधर झाले, 1984मध्ये रोहतकहून कायदा शिकून बाहेर पडले, 1985पासून चंदीगडच्या हायकोर्टात उभे राहिले आणि 2025मध्ये सरन्यायाधीश झाले.

‘तिशी उलटली, आता प्रवेश नाही,’ हेही खरं नाही. वयाची अट पुन्हा आणणाऱ्या बार कौन्सिलच्या परिपत्रकाला सुप्रीम कोर्टाने 2017मध्येच स्थगिती दिली.

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. नोकरी सांभाळून घरबसल्या एलएल.बी. करू, असं अनेकजण धरून चालतात. दूरशिक्षणाच्या एलएल.बी.वर सनद मिळत नाही. नियम प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरीचा आहे. ‘कॉलेजला यायची गरज नाही’ असं सांगून फी मागणाऱ्यापासून चार हात लांब राहा. आधीची पदवी मुक्त विद्यापीठाची असली तरी हरकत नाही, मात्र त्यापूर्वी बारावी झालेली हवी. थेट प्रवेशाने पदवी घेतलेल्यांचं घोडं इथेच अडतं.

सनदीसाठी हजारो रुपये लागतात, ही समजूत आता जुनी झाली. सुप्रीम कोर्टाच्या 30 जुलै 2024च्या निकालानुसार नोंदणी शुल्क खुल्या गटाला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये. त्याहून जास्त घेता येत नाही. सनद हाती आली की अखिल भारतीय बार परीक्षा मात्र उत्तीर्ण व्हावीच लागते.

‘पंजाबात शिकलो तर महाराष्ट्रात वकिली करता येणार नाही,’ हाही गैरसमजच. चंदीगडला शिकून महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडे नाव नोंदवता येतं. इथेच राहायचं असेल तर भाषेचा विचार आधी करा. हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, पण मोहालीच्या पोलिस ठाण्यातली एफआयआर गुरुमुखीत लिहिलेली असते. अशिलाने तो कागद पुढे केला आणि तुम्हाला वाचता आला नाही, तर अशील दुसरा वकील शोधणार. पंजाबच्या न्यायाधीशपदाच्या परीक्षेतही पंजाबीचा पेपर आहे, आणि सुप्रीम कोर्टाच्या 20 मे 2025च्या निकालानंतर त्या परीक्षेआधी तीन वर्षांची वकिली हवी.

म्हणून प्रवेशाचा अर्ज भरताना गुरुमुखीची बाराखडीही हाती घ्या, आणि फी भरण्याआधी त्या कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता आहे का, ते स्वतः तपासा.